जनीच्या शिव्या आणि तुळशीची माळ : देव, संत, प्रेषित यांच्या व्यक्तिरेखा रंगवणाऱ्यांसाठी

जनाबाईवर पहिली एकांकिका बसवली तेव्हा मी पंचविशीत होतो. जनी विठ्ठलाला 'अरे विठ्या विठ्या' म्हणत ज्या भाषेत झोडपते, ती भाषा मंचावर कशी म्हणायची, या धास्तीनं मी तो अभंगच कापला. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी धमकावलंही नव्हतं. प्रयोग झाला, टाळ्या पडल्या. सामान आवरत असताना मागच्या रांगेतले एक विणेकरी आजोबा जवळ आले आणि म्हणाले, "सगळं बरं झालं. पण तुझी जनी भांडलीच नाही की रं."

पुढच्या प्रयोगाआधी मी संहिता घेऊन त्यांच्या घरी गेलो. अभंग परत घातला होता. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला, मान डोलावली. मग एका जागी मला थांबवलं. जनी रागाच्या भरात गळ्यातली तुळशीची माळ काढून जमिनीवर आपटते, असं मी लिहिलं होतं. नाट्यमय म्हणून मला ती जागा फार आवडायची. आजोबा म्हणाले, "शिवी राहू दे. माळ खाली टाकू नको."

त्या एका वाक्यात माझ्या दोन्ही चुका होत्या. जे परंपरेला मुळीच खुपत नव्हतं ते मी भीतीपोटी काढलं होतं, आणि जे खरोखर काळजाला लागणार होतं ते अज्ञानापोटी ठेवलं होतं. गेली वीसेक वर्षं हौशी रंगभूमीवर संत आणि देवांवरची नाटकं करताना हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसली. म्हणून हा लेख. तुम्ही एकांकिका लिहीत असाल, लघुपट करत असाल, चित्र काढत असाल, मंडळाचा देखावा उभारत असाल किंवा मुलांसाठी गोष्टीचं पुस्तक करत असाल, तर यातल्या बऱ्याच गोष्टी उपयोगी पडतील.

पायरी १ : संहितेआधी एक पान

कोऱ्या कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. ही व्यक्तिरेखा मला का हवी आहे? तिच्याशिवाय गोष्ट सांगता येईल का? पाहणाऱ्याच्या मनात तिच्याबद्दल शेवटी काय उरावं असं मला वाटतं? खाली तारीख घाला आणि ते पान स्वतःला ईमेल करून ठेवा.

हे पान दोन कामं करतं. पहिलं कायद्याचं. धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं कलम, म्हणजे भारतीय दंड संहितेचं २९५-अ, १९२७ मध्ये आलं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ नं घेतली. दोन्हींचा कणा एकच आहे : कृत्य जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेलं असलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं, पण त्याच निकालात हेही स्पष्ट केलं की नकळत किंवा निष्काळजीपणानं झालेला अवमान या कलमात बसत नाही. म्हणजे सगळा प्रश्न हेतूचा आहे, आणि हेतू तक्रार आल्यावर शोधायला गेलात तर कुणी विश्वास ठेवत नाही. आधी लिहिलेलं, तारखेचं पान हातात असेल तर वकिलाला बोलायला जागा मिळते.

दुसरं काम तालमीचं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तालमीत नट ॲडिशन घेतात, म्हणजे संहितेत नसलेली वाक्यं नि लकबी आपल्या मनानं घालतात. हशा आला की ती पक्की होते. पंधराव्या तालमीपर्यंत मारुती नुसता विदूषक होऊन बसतो आणि तो तसा कधी झाला हे कुणालाच आठवत नाही. अशा वेळी ते पान काढून वाचायचं. जी ॲडिशन त्या पानात बसत नाही ती जाते, हशा कितीही येवो.

पायरी २ : हे रूप कुणाचं आहे, ते शोधा

'हिंदू धर्मात काय चालतं', 'ख्रिश्चनांना काय चालतं' असे ढोबळ प्रश्न विचारू नका. त्यांनी काही हाती लागत नाही. हे नेमकं रूप कोणत्या लोकांच्या रोजच्या पूजेत, वारीत, प्रार्थनेत आहे, आणि ते त्या रूपातलं काय जपतात, हे विचारा.

मराठी परंपरेत बोलण्याला प्रचंड मोकळीक आहे. नाथांच्या भारुडातली सून भवानीला रोडगा वाहण्याचं कबूल करून सासरच्या सगळ्यांचा बंदोबस्त मागते. तुकोबा तर आपल्या लेखी देव मेला असं म्हणून मोकळे होतात. तमाशातल्या गवळणीत मावशी खुद्द कृष्णाला वाटेत अडवून त्याची फिरकी घेते. सिंधुदुर्गात दशावताराचा संकासुर पाहून हसून लोळणारी माणसं त्याच रात्री, त्याच रंगमंचावर येणाऱ्या गणपतीला मनापासून हात जोडतात. ही मोकळीक कुणी कोर्टातून मिळवलेली नाही, ती भक्तीच्या पोटातून आली आहे. म्हणून जेव्हा कुणी 'आपल्या संस्कृतीत देवाची थट्टा चालत नाही' असं ठणकावतं, तेव्हा मला वाईट वाटतं. जे हे म्हणतात त्यांनी एकदा गाथा वाचावी.

पण बोलण्यात सैल असलेली हीच परंपरा रूपाच्या बाबतीत काटेकोर आहे. विठ्ठलाचे हात कटेवरच हवेत. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं वेगळं. २०१७ मध्ये कोल्हापुरात अंबाबाईला घागरा-चोली नेसवली गेली, तर ती नेसवणारे कुणी परके नव्हते, पूजेतलेच होते, तरी शहर पेटून उठलं. हल्ली पोस्टरसाठी संगणकाकडून देवतांची चित्रं करून घेतात. त्यांत हात कमी-जास्त होतात, आयुधं अदलाबदल होतात, विटेचा पत्ता नसतो. छापायला देण्याआधी असं चित्र एखाद्या मूर्तिकाराला दाखवा. पाच मिनिटांत चुका सापडतात.

रूपाचा अर्थही पंथागणिक बदलतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजजवळ बाहुबलीची २८ फुटी मूर्ती उभी आहे. ती नग्न आहे, आणि ती नग्नता म्हणजे त्यागाची पराकाष्ठा. तिथं चित्रकारानं संकोचून वस्त्र घातलं तर तोच अवमान ठरेल. उलट एम. एफ. हुसेन यांनी सत्तरच्या दशकात रेखाटलेल्या नग्न सरस्वतीवरून १९९६ मध्ये, तब्बल वीस वर्षांनी, वादळ उठलं. कारण ते रेखाटन एका मासिकानं संतापजनक मथळ्याखाली वेगळ्याच वाचकांपुढं ठेवलं. हुसेन जन्मले पंढरपुरात, १९१५ मध्ये. दिल्ली उच्च न्यायालयानं मे २००८ मध्ये त्यांच्यावरच्या कारवाया रद्द केल्या, भारतीय कलेतल्या नग्नतेच्या परंपरेची आठवण करून दिली. मला तो निकाल शब्दन् शब्द पटतो. तरीही ते देशात परतले नाहीत. २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. कोर्टात जिंकणं आणि आपल्या गावात निर्धास्त राहणं यांत केवढं अंतर आहे, हे ज्याला कळायचं त्यानं पंढरपूर ते लंडन हा रस्ता आठवावा.

गोव्याची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाची. चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) सांत इस्तेव बेटावरचे. त्यांनी मरियेला साडी नेसवली, तिचा वर्ण आपल्याकडच्या बायांसारखा सावळा ठेवला. भक्तीनं भारलेली चित्रं होती ती. पण युरोपी मरियेची सवय झालेल्या तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्यात ती खपली नाहीत. फोन्सेका पुण्याला आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून रंगवत राहिले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपलेला आहे. त्या काळी ज्या साडीवरून नाकं मुरडली गेली, तीच साडी आता लोक कौतुकानं पाहायला जातात.

इस्लामच्या बाबतीत वाट सरळ आहे : प्रेषित मुहंमद यांची आकृती दाखवू नका. इराणी आणि तुर्की हस्तलिखितांत काही शतकं चित्रं झाली हे खरं, पण आज आपल्या शेजारपाजारच्या मुस्लिम घरांत ज्या श्रद्धेनं वागलं जातं तिला आकृती मान्य नाही. आणि कलेच्या दृष्टीनं त्यानं काही अडतही नाही. १९७६ मध्ये मुस्तफा अक्काद यांनी प्रेषितांच्या जीवनावर अख्खा चित्रपट केला, त्यात त्यांची आकृती नाही, आवाजही नाही. समोरची माणसं कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात. शाळेच्या नाटकातही हे जमतं : बोलणारा सहाबी, म्हणजे प्रेषितांचा सोबती, मंचावर, आणि नजर प्रेक्षकांच्या डोक्यावरून पलीकडे.

शीख गुरूंचं चित्र चालतं, पण नटानं गुरूंची भूमिका करणं चालत नाही. २०१८ मध्ये गुरू नानकांवरच्या चित्रपटात त्यांचं रूप संगणकावर घडवलेलं होतं, तरी तीव्र विरोध झाला. सर्वोच्च न्यायालयानं प्रदर्शनाला परवानगी दिली, पण नाराजी काही ओसरली नाही. नांदेडमध्ये कुणी असा प्रयोग करणार असेल तर त्यानं हे आधीच माहीत करून घ्यावं.

आणि जे देव नाहीत पण ज्यांच्यापुढं माणसं देवासारखी नतमस्तक होतात, त्यांचं काय? मे २०१२ मध्ये अकरावीच्या पाठ्यपुस्तकातल्या १९४९ सालच्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. चित्रात बाबासाहेब गोगलगाईवर बसलेले आणि मागं नेहरू आसूड घेऊन. योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी पाठ्यपुस्तकाचं सल्लागारपद सोडलं, आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. तोडफोड चूकच होती. पण ज्या समाजाच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या खरा आसूड पडला, त्याला चित्रातला आसूड कसा दिसेल, हा प्रश्न ते चित्र निवडताना कुणी त्या समाजातल्या एका माणसाला विचारला असता तर? चित्र ठेवूनही शेजारी चार ओळी वेगळ्या लिहिल्या गेल्या असत्या, एवढं नक्की.

पायरी ३ : तीन रंगांच्या पेन्सिली

माझ्या प्रत्येक संहितेच्या एका प्रतीवर तीन रंगांच्या खुणा असतात. हिरवा म्हणजे पुराव्याचा, निळा आख्यायिकेचा, तांबडा माझ्या कल्पनेचा. तुकोबांवर लिहिताना गाथेतला अभंग हिरवा. त्यांच्याच काळातल्या बहिणाबाईंनी आपल्या अभंगांत त्यांच्याबद्दल सांगितलेलं तेही हिरवं. इंद्रायणीतून वह्या तरून वर आल्या, हे निळं. आवलीनं भर दुपारी डोंगरावर भाकरी नेताना मनाशी काय म्हटलं, हे तांबडं.

हिरव्याच्या बाजूला कोणत्या प्रतीतला, कितवा अभंग, ते लिहा. गाथेत साडेचार हजारांहून जास्त अभंग आहेत आणि प्रतीप्रतींत क्रमांक बदलतात. 'गाथेत आहे' एवढंच उत्तर ऐन वादात उपयोगाचं नसतं.

तांबड्याशिवाय नाटक होत नाही. प्रश्न तांबडं कुठं आहे याचा. परंपरा जिथं गप्प आहे तिथं कल्पना शोभते. पण ज्या जागी संतानं स्वतःच आपल्याबद्दल बोलून ठेवलं आहे तिथं त्याच्या उलट कल्पना करायची असेल, तर तुमच्याकडं भक्कम कारण हवं, आणि ते पुस्तकातच दिसायला हवं. आनंद यादवांची तुकोबांवरची कादंबरी २००८ मध्ये आली. तरुणपणाच्या काल्पनिक प्रसंगांवर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागं घेतलं गेलं, तरी महाबळेश्वरच्या मार्च २००९ च्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना सोडावं लागलं, आणि संमेलन अध्यक्षांविना पार पडलं. एका कादंबरीला वाचकांनी कादंबरीनं, लेखानं, परखड समीक्षेनं उत्तर द्यायला हवं होतं. ती बाजारातून उठणं हे आपल्या सगळ्यांचं नुकसान आहे, असं मी तेव्हाही म्हटलं होतं. मात्र 'ही कादंबरी आहे' एवढं म्हटल्यानं आपण सुटतो हा लेखकांचा समज त्या वर्षी संपला. संताच्या खऱ्या नावानं लिहिलेली गोष्ट आपल्याकडं चरित्र म्हणूनच वाचली जाते. म्हणून सुरुवातीच्या निवेदनात सरळ सांगा : अमुक प्रसंग माझ्या कल्पनेचे आहेत. घाबरत घाबरत, बारीक टाइपात नको. मोठ्या अक्षरात, हक्कानं.

जाता जाता कायद्याची एक बारीक गोष्ट. मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते, जर ती जिवंत असती तर तिची बदनामी झाली असती आणि कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा उद्देश असेल तर. आधुनिक काळातल्या गुरूंवर लिहिताना हे जास्त लागू होतं, कारण त्यांची मुलं-नातवंडं हयात असतात.

पायरी ४ : परवानगीसाठी नव्हे, चुकीसाठी वाचून दाखवा

ज्या समाजाचं दैवत आहे त्यातल्या दोन-तीन जणांना संहिता वाचून दाखवा. पदाधिकारी शोधू नका. रोज हरिपाठ म्हणणारी बाई, पेटी वाजवणारा, मशिदीत मुलांना शिकवणारे मौलवीसाहेब, चर्चच्या गायनवृंदातली मुलगी, अशी माणसं शोधा. पदाधिकाऱ्याला 'नाही' म्हणणं सोपं जातं, कारण 'हो' म्हटलं तर जबाबदारी येते.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. 'हे चाललं ना?' असं विचारलंत की तुम्ही त्यांना न्यायाधीश केलंत. 'यात कुठं चुकलंय?' असं विचारलंत की ते जाणकार होतात, आणि मनापासून सांगतात. सगळं मान्य करायचं बंधन तुमच्यावर नाही, हेही आधीच नम्रपणे बोलून ठेवा. मी एका नाटकात एका काकूंच्या सातपैकी पाच सूचना घेतल्या आणि दोन का घेत नाही हे त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं. त्या प्रयोगाला आल्या, पहिल्या रांगेत बसल्या.

संहिता पाठवू नका, वाचून दाखवा. पीडीएफचं एक पान फिरायला लागलं की त्याच्या मागचं-पुढचं गळून पडतं.

पायरी ५ : पंधरा सेकंदांची चाचणी

आजचा बहुतेक राग पूर्ण नाटक पाहून आलेला नसतो. तो मोबाइलवरच्या तुकड्यानं येतो. म्हणून प्रत्येक नाजूक प्रवेश आवाज बंद करून पंधरा सेकंद पाहा. काय दिसतं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्राच्या विद्यार्थ्यांनी रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींवर एक सादरीकरण केलं. पात्रं राम आणि सीता नव्हती, त्या भूमिका करणारे नट होते. आमच्या दशावताराच्या मुलखात हा फरक पोरासोरांना कळतो. पण वेश तोच, आणि पाहणाऱ्यांपैकी काहींना वेश दिसला, नट दिसला नाही. प्रयोग उधळला गेला, केंद्रप्रमुखांसह पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या प्रयोगावर पोलीस कोठडी हे काही उत्तर असू शकत नाही. आणि तरीही दिग्दर्शकाला मी सांगेन : नट आणि देव यांतली रेघ डोळ्यांना दिसू दे. मुकुट काढून हातात दे, दाढीवरचा अर्धा रंग पुसलेला ठेव, खांद्यावर टॉवेल टाक, मागं आरशाची चौकट लाव. आवाज बंद असतानाही 'हा नट आहे' हे कळलं पाहिजे. एवढ्यानं विरोध थांबेलच असं नाही, पण पोलीस ठाण्यात दाखवलेला तुकडा तरी तुमच्या बाजूनं बोलेल.

हीच कसोटी जाहिरातीला. मी पाहिलेल्या वादांपैकी निम्मे तरी पोस्टरवरून किंवा नावावरून झाले, आत काय आहे ते कुणी पाहिलंच नव्हतं. चटपटीत नावाचा मोह मला कळतो. पण ज्या नावाचा खुलासा करत बसावा लागतो ते नाव नकोच.

पायरी ६ : कागदपत्रं

महाराष्ट्रात तिकीट लावून नाटक करायचं तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. या पूर्वतपासणीला अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं, आणि प्रयोगाआधीच्या चाळणीला माझाही तत्त्वतः विरोध आहे. पण प्रमाणपत्र हातात असलं तर आयत्या वेळी मागं सरणाऱ्या नाट्यगृह व्यवस्थापकासमोर ते कामी येतं. तपासलेल्या संहितेत नसलेली वाक्यं मंचावर आली तर ते कवच गळतं. पुन्हा ॲडिशनचाच मुद्दा.

चित्रपटगृहात दाखवायच्या चित्रपटाला केंद्रीय प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. २०२१ पासून अपील न्यायाधिकरण नाही, त्यामुळं कापाकापी मान्य नसेल तर थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं. प्रदर्शनाची तारीख जाहीर करण्याआधी तेवढे महिने हाताशी ठेवा. पुस्तकाला आणि चित्राला पूर्वपरवानगी लागत नाही. सरकार पुस्तक जप्त करू शकतं, पण कारणं द्यावी लागतात आणि त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं, जिथं तीन न्यायाधीशांचं पीठ ऐकतं. शिवाजी महाराजांवरच्या जेम्स लेन यांच्या पुस्तकावरची बंदी अशीच उठली. मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. दरम्यान याच पुस्तकाच्या रागातून जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत जे मोडलं-फाटलं, ते मात्र निकालानं परत आलं नाही.

मंडळाच्या देखाव्यासाठी पोलिसांना विषय आणि ध्वनिफीत आधी द्या. इथं एक वेगळी जबाबदारी आहे. प्रेक्षक तिकीट काढून येत नाही, देखावा त्याच्या रस्त्यात येतो. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली. सांगली-मिरजेच्या माणसाला ते दिवस सांगावे लागत नाहीत.

पायरी ७ : प्रयोगाचा दिवस

थोडक्यात. पोलीस ठाण्याला प्रयोगाचं पत्र देऊन पोच घ्या. वकिलाचा नंबर तिघांच्या फोनमध्ये असू द्या. मंचावर येऊन एका माणसानं दोन मिनिटं बोलावं, माफीच्या सुरात नको, ओळख करून देण्याच्या सुरात. संपूर्ण प्रयोगाचं अखंड चित्रीकरण करा, कारण तुकड्याला उत्तर फक्त अखंड चित्रीकरणच देऊ शकतं. ४ जून २००८ ला ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात महाभारतावर बेतलेल्या विनोदी नाटकाच्या वेळी स्फोट झाला, माणसं जखमी झाली. नेपथ्यवाले, तिकीट फाडणारे, वाहनतळावरचा पोऱ्या, यांनी कुठलंही मत मांडलेलं नसतं. त्यांची सुरक्षा आधी पाहा.

पायरी ८ : तक्रार आली तर

पहिला दिवस समाजमाध्यमांवर काहीही लिहू नका. आधी समोर कोण आहे ते ओळखा. दुखावलेला भाविक असेल तर त्याला भेटा, बसवा, पूर्ण चित्रीकरण दाखवा. अशा भेटीतून दोन वेळा माझ्या नाटकात खरी सुधारणा झाली आहे. झुंड घेऊन आलेला असेल तर भेट नको, सगळं लेखी मागा आणि प्रत पोलिसांना द्या. त्या पत्रात १९८९ च्या एस. रंगराजन निकालाचा उल्लेख करा. निदर्शनांच्या धमकीपुढं अभिव्यक्ती दडपता येत नाही, तिचं रक्षण करणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात सांगितलं आहे.

खेद आणि माफी हे दोन वेगळे शब्द आहेत. 'तुम्हाला दुःख झालं याचा मला खेद आहे' हे माणुसकीचं वाक्य आहे, ते खरं असेल तर जरूर म्हणा. 'माझ्याकडून देवतेचा अवमान झाला, मी माफी मागतो' असं लिहून सही करणं म्हणजे पुराव्याचा कागद स्वतःच्या हातानं देणं. रात्री अकरा वाजता, दहा माणसं उभी असताना, पोलीस ठाण्यात कुणीतरी मजकूर सांगतं आणि वीस वर्षांचं पोर तो लिहून देतं. असं होऊ देऊ नका. वकील येईपर्यंत सही नाही.

गुन्हा नोंदवायचं चाललं असेल तर वकिलाशी या गोष्टी बोला. कलम २९९ दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, पण शिक्षा कमाल तीन वर्षं. अशा गुन्ह्यांत अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देता येते. खटल्याची दखल घ्यायला न्यायालयाला सरकारची पूर्वमंजुरी लागते. आणि मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी स्पष्ट केलं की तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या अशा वक्तव्यविषयक गुन्ह्यांत थेट नोंद करण्याआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य. त्या निकालानं नागपूरच्या एका जुन्या निवाड्याचा आधार घेतला. १९४६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं म्हटलं होतं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसांच्या नजरेनं तोलायचा, प्रत्येक टीकेत धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनांच्या नजरेनं नाही. आपल्या नागपुरात, स्वातंत्र्याच्या आधी लिहिलेलं हे वाक्य आजही जिवंत आहे, याचा मला फार आधार वाटतो.

संस्थेच्या छताखाली करत असाल तर आणखी एक गोष्ट प्रयोगाआधीच करा : वाद झाला तर संस्था कुणामागं उभी राहील हे लेखी विचारा. आयआयटी मुंबईत २०२४ च्या महोत्सवात रामायणावर बेतलेलं नाटक करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना १ लाख २० हजार रुपयांपर्यंत दंड झाला. प्राध्यापकांनी तालीम पाहिली असेल तर तसं ईमेलमध्ये नोंदवून घ्या.

बदल करायचा की नाही, हे मात्र रागाच्या दिवशी ठरवू नका. पहिल्या पायरीचं पान काढा. सांगितलेली चूक खरंच चूक असेल तर ती सुधारा आणि जाहीरपणे सांगा की अमक्यांनी दाखवली. चूक नसेल तर ते वाक्य तसंच राहू द्या, आणि का राहू दिलं ते सांगा.

प्रत्येक नाटकाची माझ्याकडं एक फाइल आहे. जनाबाईच्या फाइलमध्ये सगळ्यात वर हेतूचं पान आहे, आणि सगळ्यात खाली त्या विणेकरी आजोबांच्या शिसपेन्सिलीचं. 'माळ काढून जमिनीवर आपटते' यावर त्यांनी काट मारून वर थरथरत्या अक्षरात लिहिलंय, 'जात्याचा खुंटा सोडते.' त्यानंतरच्या प्रत्येक प्रयोगात जनी पहिल्यांदा पोटभर शिव्या देते, मग खुंटा सोडून उठते. घरघर थांबते. अंधारातून कुणीतरी येऊन तिच्या जागी बसतं, आणि जातं पुन्हा फिरायला लागतं.